घरटं कुणाला दिसलं

कुदळीचा तिसरा घाव बसला तेव्हा कुठे मूळ हललं. थोरलीनं कुदळ बाजूला टाकली, पाय रोवले, घाणेरीचं खोड दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि मागे झुकून ओढलं. माती फुटली, मूळ सुटलं आणि ती पाठीवर पडता पडता सावरली. हातभर लांबीचं, टोकाशी उंदराच्या शेपटीसारखं बारीक झालेलं अख्खं मूळ. एक धागाही जमिनीत उरला नव्हता. ते तसंच उंच धरून तिनं मागे वळून पाहिलं.

बघायला कुणी नव्हतं. सगळे माळाच्या त्या टोकाला धाकटीभोवती जमले होते आणि पोट धरधरून हसत होते.

“रेडिओ, अजून एकदा! ती आजीबाई कशी वाचते ते!” झुडपं कापायचं यंत्र चालवणारा धिप्पाड गडी ओरडला. सगळे त्याला इंजिन म्हणत.

धाकटी म्हणजे थोरलीच्या दिराची बायको. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची नजर तपासायचं काम करायची. तिनं एक डोळा तळहातानं झाकला, मान लांब केली आणि समोरच्या मोकळ्या आभाळातली अक्षरं अशा काही ठसक्यात वाचायला लागली, की मास्तरांनासुद्धा चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

थोरलीनं मूळ ढिगावर फेकलं आणि ती पुढच्या झुडपाकडे वळली.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दहा-बाराजण तंबू घेऊन या माळावर यायचे आणि रविवारी दुपारी परतायचे. पूर्वी इथे गुडघाभर गवत होतं, गवतात ससे होते, चंडोल होते. मग घाणेरी पसरली. तिच्या सावलीत गवत मेलं आणि गवताबरोबर बाकीचे निघून गेले. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांनी ठरवलं, झुडपं मुळासकट काढायची, गवताचं बी टाकायचं आणि वाट बघायची. पगार नाही, भत्ता नाही, उलट पेट्रोलचे पैसे खिशातून. थोरली पहिल्या शिबिरापासून येत होती. याला सहा वर्षं झाली.

“घरातल्या कुंड्या सुकल्या, आणि ही निघाली रानाला पाणी घालायला,” सासूबाई पहिल्या वर्षी म्हणाल्या होत्या. पुढे त्यांनी ते म्हणणंही सोडलं. महिन्यातले दोन दिवस थोरली घरात नसते, हे पंख्याच्या आवाजासारखं सगळ्यांच्या अंगवळणी पडलं.

तेच दोन दिवस तिचे होते. बाकीचे दिवस पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांच्या दंडाला पट्टा बांधून शीर शोधण्यात जायचे आणि संध्याकाळी घर. घरात दोन वर्षांपूर्वी धाकटी आली. आली ती मांजराच्या पावलांनी नाही, वरातीसारखी आली. सासूबाई तिच्या हातून गोळ्या घ्यायला लागल्या. थोरलीची लेक चित्र काढलं की आधी काकूला दाखवायला धावायची. आणि नवरा, जो जेवताना ताटाशी बोलल्यासारखा ‘हं’ आणि ‘नको’ एवढंच बोलायचा, तो धाकटीच्या एका विनोदावर ठसका लागेपर्यंत हसला. तो हसला की त्याच्या उजव्या गालाला खळी पडते, हे थोरलीला लग्नाच्या सोळाव्या वर्षी कळलं.

तरीही ती काही बोलली नव्हती. बोलण्यासारखं होतंच काय? पोरगी कामाला वाघ, तोंडानं गोड, मनानं साधी. अशा माणसावर जळायचं म्हणजे आपल्याच घरात चोरी करायची.

मग दोन महिन्यांपूर्वी धाकटी बॅग भरत असलेल्या थोरलीच्या दारात येऊन उभी राहिली.

“ताई, मी पण येऊ तुमच्याबरोबर?”

“तिथे ऊन असतं. काटे असतात. रात्री जमिनीवर झोपावं लागतं.”

“चालेल की.”

पहिल्याच दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत तिला नाव पडलं होतं, रेडिओ. इथे प्रत्येकाला एक नाव होतं. थोरलीला मात्र सहा वर्षांत सगळे मॅडम म्हणत. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

*

दुपार कलली तसं वारं पडलं. थोरली पाणी प्यायला सावलीत टेकली होती, तेवढ्यात धाकटी धावत आली. तिच्या केसांत काड्या अडकल्या होत्या.

“ताई, उठा. चला माझ्याबरोबर. आवाज करू नका.”

“काय झालं?”

“चला तर!”

तिनं थोरलीचा हात धरला आणि जवळजवळ ओढतच तिला माळाच्या वरच्या अंगाला नेलं. तिथली घाणेरी चार वर्षांपूर्वी काढली होती. आता गवत चांगलं पोटरीइतकं वाढलं होतं. धाकटी पावलं मोजल्यासारखी चालत गेली, थांबली, आणि एका गवताच्या ठोंबाशी वाकली.

“बुटात काटा गेला म्हणून खाली बसणार होते. बसलेच होते जवळजवळ. पायातून भुर्रकन पाखरू उडालं. बघा.”

ठोंबाच्या बुडाशी, उन्हाकडे पाठ करून, मुठीएवढी वाटी होती. बारीक मुळ्यांची, आतून गुळगुळीत. त्यात तीन अंडी. राखाडी पांढरी, वर तपकिरी शिंतोडे, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडी लहान.

थोरली वाकून बघत राहिली. सहा वर्षं. किती वेळा ती या तुकड्यावर पहाटे पोटावर पडून राहिली होती. चंडोल फसवा असतो, तो घरट्यावर सरळ उतरत नाही, लांब उतरतो आणि गवतातून चालत जातो, हे तिनं मास्तरांकडून ऐकून पाठ केलं होतं. आणि ही बुटातला काटा काढायला बसली.

“चंडोलच आहे ना?” धाकटीनं कुजबुजत विचारलं. “मला मेलीला काय कळतंय. म्हणून आधी तुम्हालाच आणलं.”

“चंडोलच.”

“मास्तरांना सांगायला हवं. उद्या सकाळी इथलीच घाणेरीची नवी फूट कापायची आहे ना इंजिनला?”

तेवढ्यात खालून गाडीचा भोंगा वाजला. पाण्याचे कॅन भरून आणायची पाळी धाकटीची होती आणि ड्रायव्हर खोळंबला होता.

“तुम्हीच सांगा ताई. विसरू नका हं!” म्हणत ती उतारावरून पळाली.

थोरली आणखी थोडा वेळ तिथे उभी राहिली. मग पक्ष्याला परत यायला जागा हवी म्हणून खाली आली.

मास्तर तंबूबाहेर खुर्चीत बसून दुर्बिणीची काच पुसत होते. ती जवळ जाऊन उभी राहिली.

“मास्तर, वरच्या तुकड्यात चंडोलाचं घरटं आहे. तीन अंडी.”

दुर्बीण त्यांच्या मांडीवरून घसरली. त्यांनी ती उचलली नाही.

“काय सांगता! तुम्हाला दिसलं?”

वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, ‘धाकटीला दिसलं.’ दोन शब्द होते. पण मास्तरांचा चेहरा तिच्याकडे वर वळलेला होता. इतकी वर्षं ‘मॅडम, ते खोरं द्या’ आणि ‘मॅडम, यादी झाली का’ यापलीकडे त्या चेहऱ्यानं तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

“हो,” ती म्हणाली.

दिसलं तर होतंच की. खोटं काय होतं त्यात?

मास्तर उभे राहिले, त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि नुसते हलवत राहिले. मग सगळे जमले. इंजिननं टाळ्या वाजवल्या, कुणीतरी चहाचं पातेलं पुन्हा चढवलं. “सहा वर्षं चिकाटीनं लागून राहिल्या, त्यांनाच दिसणार!” कुणीतरी म्हणालं. चहा तिला पहिल्यांदा दिला. तो तिनं दोन घोटांत संपवला, जीभ पोळली तरी.

गाडी परतली तेव्हा ऊन उतरलं होतं. धाकटी दोन हातांत दोन कॅन घेऊन तिरकी तिरकी चालत येत होती.

“रेडिओ, ऐकलंस का?” इंजिन ओरडला. “तुझ्या जाऊबाईंना चंडोलाचं घरटं सापडलं!”

धाकटी थांबली. कॅन तिनं खाली ठेवले नाहीत. तिची नजर थोरलीवर आली आणि तिथे राहिली. थोरली हातातला रिकामा कप बघत होती.

“हो?” धाकटी म्हणाली. “वा.” आणि जरा वेळानं, “किती अंडी आहेत, ताई?”

“तीन,” थोरली म्हणाली.

“वा,” धाकटी पुन्हा म्हणाली आणि कॅन घेऊन चुलीकडे गेली.

त्या संध्याकाळी ती फारशी बोलली नाही. “रेडिओची बॅटरी उतरली,” कुणीतरी म्हणालं, तेव्हा ती हसली, पण तोंडभर नाही. थोरलीला वाटलं होतं ती चारचौघांत बोलेल, निदान तंबूत आल्यावर तरी विचारेल. धाकटीनं नुसतं अंथरूण घातलं, थोरलीच्या उशाशी पाण्याची बाटली ठेवली आणि पाठ करून झोपली.

म्हणजे आता मोठेपणाही तिचाच. थोरली डोळे उघडे ठेवून तंबूच्या कापडाकडे बघत राहिली. हिला चोरलेलंसुद्धा देऊन टाकता येतं. घरी जाऊन कुणाला सांगणारही नाही. आणि आपण आयुष्यभर हिच्या या न सांगण्याचे उपकार वागवत फिरायचं.

*

सकाळी मास्तरांनी लाल कापडाचे झेंडे लावलेल्या सहा काटक्या काढल्या.

“कापणीच्या आधी घरट्याभोवती हे रोवू. चौघंच जाऊ, गर्दी नको. मॅडम पुढे. त्यांच्या मागे मी, मग इंजिन. त्याला हद्द नीट बघू दे, नाहीतर हा गडी झेंड्यांसकट कापेल. रेडिओ, तूही चल, तुझ्या जाऊबाईंचा पराक्रम बघ.”

ते ओळीनं चढले. थोरली पुढे होती आणि वरच्या तुकड्याच्या कडेला पोहोचेपर्यंत तिला काही शंका नव्हती.

मग तिनं समोर पाहिलं.

काल ऊन पश्चिमेकडून होतं. आज ते समोरून डोळ्यांत येत होतं. ठोंब कितीतरी होते, दोनशे असतील, तीनशे असतील, प्रत्येकाच्या बुडाशी तीच सावली. काल ती वाट बघत चालली नव्हती, धाकटीनं धरलेल्या स्वतःच्या हाताकडे बघत चालली होती. कुठला दगड, कुठलं वळण, काही म्हणजे काही आठवेना.

ती दहा पावलं गेली. थांबली. डावीकडे वळली.

“सावकाश, मॅडम, घाई नाही,” मास्तर हळूच म्हणाले.

आणखी पाच पावलं. एका ठोंबाशी ती वाकली. तिथे नुसती माती होती. दुसऱ्याशी वाकली. घामाचा ओघळ कानामागून मानेवर उतरला. रोज ती आंधळ्यासारखी नुसत्या बोटांच्या टोकांनी लोकांच्या शिरा शोधायची, कधी चुकायची नाही. इथे बोटांचा काही उपयोग नव्हता.

तिनं वळून धाकटीकडे पाहिलं. धाकटी ओळीच्या शेवटी उभी होती. तिला सगळं दिसत होतं, कळतही होतं. थोरलीची नजर येताच तिनं मान खाली घातली आणि बाहीला चिकटलेलं कुसळ काढायला लागली.

मोठेपणा नव्हता तर.

“मी इकडून बघतो,” इंजिन म्हणाला आणि ओळ सोडून बाजूला झाला. त्याच्या पायात लोखंडी टोकांचे बूट होते, कमरेइतक्या उंच काट्यांतून चालायचे. पहिलं पाऊल पडलं आणि एक ठोंब त्याखाली सपाट झाला. त्यानं दुसरं उचललं.

“पाय टाकू नका!”

आवाज एवढा मोठा निघाला की इंजिन एका पायावर तसाच डुलत राहिला.

“कुणी हलू नका,” थोरली म्हणाली. “मला माहीत नाही घरटं कुठे आहे. मी शोधलेलं नाही. ते हिला सापडलं. हिनं मला आणून दाखवलं, आणि मी... मी माझं म्हणून सांगितलं.”

माळावर कुठेतरी टोळ वाजत होता. इंजिननं उचललेला पाय सावकाश मागे, होता त्याच जागी टेकवला. तिला वाटलं होतं आता काहीतरी कोसळेल. मास्तरांनी फक्त चष्मा नाकावर सरकवला.

“बरं,” ते म्हणाले. “मग रेडिओ, तू पुढे ये. आमच्याच पावलांवरून ये, नवीन पाऊल टाकू नकोस.”

धाकटी आली. थोरलीच्या शेजारून जाताना तिनं वर पाहिलं नाही. पुढे जाऊन ती गुडघ्यांवर बसली, हातानं गवत बाजूला करत करत सरकत गेली. तिलाही लगेच सापडलं नाही. मग अचानक इंजिनच्या बुटापासून दीड हातावर गवत फडफडलं, तपकिरी पाखरू वर उडालं आणि आभाळात जाऊन ओरडायला लागलं.

“हे बघा,” धाकटी म्हणाली.

तीनही अंडी शाबूत होती.

इंजिननं आपल्या बुटाकडे पाहिलं, घरट्याकडे पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसला. मास्तरांनी झेंडे धाकटीच्या हातात दिले. दोन झेंडे उरले, ते त्यांनी मागे न बघताच थोरलीपुढे धरले.

“मॅडम, हे तिकडच्या बाजूला. चार पावलं सोडून. खोल रोवा, वाऱ्यानं पडतात.”

तिनं रोवले. एवढंच झालं. कुणाला दिसलं, याचं त्या माणसाला काही पडलेलंच नव्हतं. अंडी होती, ती वाचली. तिनं जे चोरलं होतं ते तिच्याशिवाय कुणाच्या हिशेबीच नव्हतं, आणि ही गोष्ट कबुलीपेक्षा जास्त झोंबली.

*

दुपारी आवराआवर सुरू झाली. बाकीचे गाडीत सामान चढवत होते. आपल्या तंबूच्या खुंट्या धाकटी एकटीच उपटत होती, एकेका हिसक्यात. थोरली जवळ जाऊन उभी राहिली.

“माझं चुकलं,” ती म्हणाली.

धाकटीनं खुंटी पिशवीत टाकली.

“काल बोलली का नाहीस?” थोरलीनं विचारलं. “सगळ्यांसमोर म्हणायचंस ना, मला सापडलं म्हणून. मला वाटलं तू मला सांभाळून घेतलंस.”

“सांभाळून?” धाकटी पहिल्यांदा वळली. तिचे डोळे लाल होते, धुळीनं असतील किंवा नसतील. “ताई, मी बोलले असते तर कुणी मानलं असतं? तुम्ही सहा वर्षं इथे खपताय. मी तीनदा आलेली, नकला करणारी. तुम्ही ‘हो’ म्हणालात, तिथेच संपलं.”

“असं कसं...”

“असंच असतं. घरात नळ गळला तर सगळे म्हणतात, थोरली येऊ दे. आईंना गोळ्या मी देते, पण मोजून डब्यांत तुम्ही ठेवलेल्या असतात. मी चुकीन म्हणून. मी ह्यांना काहीही सांगायला गेले की पहिला प्रश्न, ‘वहिनीला विचारलंस का?’” तिनं आणखी एक खुंटी उपटली. “मी हसवते सगळ्यांना. त्याशिवाय माझ्याकडे कोण बघणार त्या घरात? म्हटलं, एकदा तरी एखादी गोष्ट तुमच्या आधी मला दिसली. आणि गाढवासारखी पहिल्यांदा धावत कुणाकडे गेले? तुमच्याकडेच.”

नळाचं थोरलीला आठवत होतं. त्या दिवशी लॅबमधून दमून येऊन ती वॉशर बदलायला बसली होती, आणि आतल्या खोलीत सगळे धाकटीच्या कुठल्याशा गोष्टीवर हसत होते. हातात पाना धरून ते हसणं ऐकताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तिनं हे सांगितलं नाही. आत्ता सांगितलं असतं तर ते पुन्हा तिचंच रडगाणं झालं असतं.

“सकाळी बघत होतीस,” ती एवढंच म्हणाली. “मला सापडत नव्हतं तेव्हा.”

“हो. बघत होते,” धाकटी म्हणाली. “बरं वाटत होतं.” मग जरा थांबून, “त्या बुटापर्यंत.”

गाडीचा भोंगा वाजला. तंबूचं कापड दोघींच्या मध्ये जमिनीवर पसरलं होतं. थोरलीनं वाकून दोन कोपरे उचलले. धाकटीनं थोडा वेळ घेतला, मग समोरचे दोन उचलले. कापड ताणलं गेलं, मधली धूळ उडाली. दोघी एकमेकींकडे चालत आल्या, कोपऱ्याला कोपरा लावला.

धाकटीनं घडीकडे पाहिलं.

“ताई, तुमची बाजू वाकडी आहे,” ती म्हणाली.

दोन वर्षांत तिनं थोरलीला असं काही म्हटलं नव्हतं. थोरलीनं खाली पाहिलं. चांगली चार बोटं वाकडी होती. तिनं आपले कोपरे सोडवले, मागे सरत गेली आणि कापड पुन्हा ताणून धरलं.

“सांग,” ती म्हणाली, “कुठून दुमडू?”